एकही काज नाही

सौंदर्या फोन मशीनला टेकवून उभा केली,
म्हटली, मावशी, बघ की, पॅरिसचं आहे.
मी हातातलं काज अर्धं सोडून बघितलो.

पांढऱ्या, लांबच्या लांब खोलीतनं
माणसं चालूल्यात.
घाई नाही कुणाला, हसूही नाही.
ढगळ विजारी, घोट्यावर गोळा झालेल्या,
बाजूनं दोन पट्टे, गळ्यात टॉवेल,
जसं आत्ताच न्हाणीतनं निघून
कोपऱ्यावर दूध आणायला चाललेत.
एकाच्या पायात तर स्लीपर.
मोठ्या कंपनीचं नवीन आहे, सौंदर्या म्हटली,
खेळाचे कपडे, पण खेळायचे नाहीत.

मग कशाला?

आरामाला.

येळ्ळूर रोडला पहाटे साडेचारला
भरतीची पोरं पळतात की असल्याच विजारी घालून,
हावळ मास्तर शिवलेल्या,
गुडघ्याला घासून चकाकलेल्या.
आराम काय दिसला नाही मला त्यांच्यात कधी.
दुकानात येऊन छाती फुगवून उभारतात,
सत्त्याहत्तर, फुगवून ब्याऐंशी,
मास्तर टेप उलटी करून सेंटिमीटर वाचतात
आणि अर्धा जास्त सांगतात,
उगाच, पोराला धीर यावा म्हणून.

बाई कुठली नि गडी कुठला
ते त्या फोनात मला कळेना.
तसंच असतंय आता, सौंदर्या म्हटली, दोघांना एकच कपडा.
म्हटलो, त्यात काय नवीन,
आमच्या बोलीत कधीपासनं एकच आहे.
मी बाई असून आलो म्हणतो, जेवलो म्हणतो, दमलो म्हणतो.
पुण्याची सून पहिल्या दिवशी हसली होती त्याला.
आता फोनवर आईला सांगताना
आले म्हणता म्हणता तिचं आलो होतंय.

मग सवयीनं मोजायला लागलो.
गळा बघितलो, मनगट बघितलो, पोटावरची पट्टी बघितलो.
चाळीस माणसं गेली समोरनं.
एकही काज नाही.

इलॅस्टिक. नाडी. चेन.
एका बाईला कोट होता, तोही नुसता गुंडाळलेला,
पुढनं मुठीत धरून चाललेली,
बटण तुटल्यावर माझा नवरा
शर्ट धरून दारात उभारायचा, तशी.

काजाला इथं दोन्ही भाषांत काजच म्हणतात.
गुंडीला गुंडी.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
कुठलं अक्षर किती मोठं, ह्यापायी
मास्तर दोनदा पाटी बदलले.
आत बदलायला काही नव्हतं.
एक गिऱ्हाईक म्हणतंय, जरा सैल करा,
दुसरं म्हणतंय, सडिल माड्री,
मास्तर दोघांनाही दोनच बोटं सोडतात.

किंमत केवढी गे?
सौंदर्या बोटानं खाली खाली सरकवत गेली.
एक लाख चाळीस हजार. नुसत्या विजारीला.
काजाला दोन रुपये धरून
मी मनात हिशेब मांडलो. सत्तर हजार काजं.
मग आठवलं, तिच्यात काजच नाही,
कशाचा हिशेब मांडूलोय मी.

तेवढ्यात करंट गेला.
वडगावातले माग एकदम गप झाले.
फोन तेवढा चालू, त्यात ती माणसं अजून
कुठंच पोचली नव्हती.
त्यांच्याच उजेडात
सोडलेलं काज परत हातात घेतलो,
पोलिसाचा खाकी शर्ट, वरनं तिसरं.

हे इकडं यायला दहा वर्षं लागतील, मावशी,
सौंदर्या म्हटली, समजूत घातल्यासारखी.
म्हटलो, उद्या येऊ दे.
नाडी ओवायला तरी कोण लागतंय की.
पिन आत शिरली की दिसत नाही,
बोटानं ढकलत, चाचपत न्यायची
सगळ्या कमरेला वळसा घालून,
आणि पुढच्या भोकातनं बाहेर काढायची.
आणि ते भोक

थांब.
ते भोक उसवू नये म्हणून
कडेनं दोरा फिरवावाच लागतोय की.

परत लाव गे पहिल्यापासनं.
तोंडं नकोत.
कमरेकडं दाखव, जरा मोठं करून.